कावामुराचे शेवटचे वर्ष

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की मुंबईतली मातीची टेनिस कोर्टे बंद होतात, आणि नवरात्राच्या आसपास ती पुन्हा खेळण्याजोगी होईपर्यंत मुलांचे हात नुसते शिवशिवत राहतात. माझा भाचा नववीत आहे आणि शाळेच्या टेनिस संघात आहे. त्याची आई, म्हणजे माझी ताई, संध्याकाळी उशिरा घरी परतत असल्यामुळे तो शाळा सुटली की पार्ल्याला माझ्याकडे येतो. गेल्या पावसाळ्यात इमारतीच्या खालच्या भिंतीवर चेंडू मारण्यास सोसायटीने मनाई केली आणि आम्हा दोघांना संध्याकाळी करण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा त्याने मला ‘द प्रिन्स ऑफ टेनिस’ ही जपानी अॅनिमे मालिका दाखवायला सुरुवात केली. तिचे 178 भाग आहेत. ते पाहून संपवायला आम्हाला दोन पावसाळे लागले, आणि या दोन पावसाळ्यांत त्या मालिकेतल्या कावामुरा नावाच्या एका मुलाने माझ्या मनात जे घर केले आहे, त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस वाटत होते.

ताकेशी कोनोमी यांची मूळ चित्रकथा 1999 सालापासून ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात येऊ लागली आणि 2008 साली संपली. तिचे 42 खंड झाले. तिच्यावरची मालिका ऑक्टोबर 2001 ते मार्च 2005 या काळात टीव्ही टोकियोवर दाखवली गेली. सेइशुन गाकुएन, अर्थात सेइगाकु, या माध्यमिक शाळेचा मुलांचा टेनिस संघ हा तिचा विषय आहे. अमेरिकेतल्या कनिष्ठ गटाच्या स्पर्धा जिंकून आलेला बारा वर्षांचा एचिझेन र्‍योमा पहिल्या वर्षात दाखल होतो आणि समोरच्याला हरवल्यावर ‘मादा मादा दाने’, म्हणजे ‘तुझे अजून पुष्कळ बाकी आहे’, असे शांतपणे सांगतो. मालिकेचे नाव त्याच्यावरून पडले असल्यामुळे सर्वांचे लक्ष त्याच्याकडे जाणे स्वाभाविक आहे. मला मात्र पहिल्या पंधरा-वीस भागांनंतर त्याच्या भोवतालची मुले अधिक पाहावीशी वाटू लागली.

कारण ही मालिका शाळेच्या संघाची रचना फार बारकाईने दाखवते. जपानी माध्यमिक शाळा तीन वर्षांची असते, आणि क्लबमध्ये नव्याने आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी चेंडू गोळा करायचे, कोर्टाच्या कडेला उभे राहून रिकाम्या हवेत रॅकेट फिरवण्याचा सराव करायचा आणि वरच्या वर्गातल्यांना मोठ्याने प्रोत्साहन द्यायचे, अशी रीत असते. आमच्याकडे जिमखान्यांवर हे काम बॉलबॉय करतात. मी शाळेत असताना ज्या कोर्टावर शिकले तेथे सकाळी साडेपाचला कोर्टावर पाणी मारणे, रोलर फिरवणे आणि चुन्याच्या रेघा आखणे हे सर्व करून तीच मुले पुढे दिवसभर आमचे चेंडू वेचत असत, आणि सभासद निघून गेल्यावर एखाद्या टाकून दिलेल्या रॅकेटने आमच्यापेक्षा कितीतरी सफाईदार खेळत असत. सेइगाकुची पहिल्या वर्षाची मुले चेंडू वेचताना पाहिली की मला ती मुले आठवतात. सेइगाकुच्या मुलांना पुढे कधीतरी संघात जागा मिळण्याची आशा होती. त्या मुलांना तशी आशा कोणी दाखवली नाही, ही गोष्ट मला तेव्हा उमगली नव्हती.

संघात जागा मिळते ती शाळेतल्या अंतर्गत क्रमवारीच्या सामन्यांतून. मुलांचे गट पाडले जातात आणि गटात वर राहणाऱ्यांना संघाचे निळे-पांढरे जॅकेट मिळते. कर्णधार तेझुका कुनिमित्सु पहिल्या वर्षाच्या र्‍योमाला या सामन्यांत उतरवतो आणि र्‍योमा थेट इनुई सादाहारूला हरवतो. प्रत्येक खेळाडूच्या सवयी वहीत नोंदवून खेळणारा, तिसऱ्या वर्षाचा इनुई त्या सामन्यांनंतर काही काळ संघाबाहेर जातो. यानंतर तो रुसून बसत नाही. संघातल्यांचा सराव तोच आखतो, त्यांच्या पायांना वजने बांधायला लावतो आणि स्वतः त्यांच्याहून जास्त मेहनत करत राहतो. जॅकेट नसलेल्या माणसाने संघासाठी काय करायचे, याचे इतके सविस्तर चित्रण मी क्रीडाकथांत फारसे पाहिलेले नाही.

आता दुहेरीविषयी. मी शाळेच्या संघात दुहेरीच खेळत असे, त्यामुळे या बाबतीत माझे मत पक्के आहे आणि ते थोडे एकतर्फी असू शकते. शाळांच्या लढतीत दोन दुहेरीचे आणि तीन एकेरीचे सामने असतात आणि जो संघ आधी तीन जिंकेल तो पुढे जातो, असा मालिकेतला नियम आहे. म्हणजे कितीही अद्वितीय खेळाडू असला तरी एकट्याच्या जिवावर लढत जिंकता येत नाही. र्‍योमा आणि संघातलाच मोमोशिरो सुरुवातीला हौसेने दुहेरीत उतरतात तेव्हा एकमेकांना धडकतात, आणि शेवटी कोर्टाच्या मधोमध रेघ मारून आपापल्या अर्ध्या भागात एकेरीच खेळू लागतात. तो भाग पाहताना भाचा पोट धरून हसत होता. मला माझी शाळेतली जोडीदार आठवत होती, कारण पहिल्या वर्षी आम्ही दोघीही मधल्या चेंडूकडे पाहत उभ्या राहत असू, आणि ‘माझा’ म्हणून ओरडण्याचा संकोच जायला आम्हाला एक सबंध हिवाळा लागला होता. याच्या उलट सेइगाकुच्याच ओइशी आणि किकुमारू यांची जोडी. किकुमारू जाळीपाशी उड्या मारतो तो मागे ओइशी आहे या भरवशावर. दुहेरी म्हणजे एकेरीत मागे पडलेल्यांची सोय, असे मानणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. 1966 साली भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाकडून 4-1 असा हरला, आणि तो एक गुण रामनाथन कृष्णन व जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीतच मिळवला होता, तोही न्यूकोम्ब आणि रोश यांच्यासारख्या जोडीला हरवून.

आणि आता कावामुरा.

कावामुरा ताकाशी तिसऱ्या वर्षात आहे. त्याच्या वडिलांचे सुशीचे छोटे दुकान आहे, आणि माध्यमिक शाळा संपेपर्यंत टेनिस खेळायचे व त्यानंतर दुकानात उभे राहून वडिलांच्या हाताखाली सुशी करायला शिकायचे, हे ठरलेले आहे. यात कोणाची जबरदस्ती नाही. त्याचे वडील खलनायक नाहीत. ते संघातल्या मुलांना दुकानात बोलावून प्रेमाने खाऊ घालतात. कावामुरालाही दुकानाचा अभिमान आहे. एरवी तो इतका भिडस्त आहे की बोलताना अडखळतो, पण हातात रॅकेट पडली की ‘बर्निंग!’ असे ओरडत निराळाच माणूस होतो. मालिकेत हा विनोद वारंवार येतो आणि भाच्यालाही तो फार आवडतो, परंतु मला त्याचा अर्थ हळूहळू वेगळा लागत गेला. या मुलाला आयुष्यात मोठ्याने ओरडण्यासाठी जी एकच जागा मिळाली आहे ती म्हणजे कोर्ट, आणि ती जागा किती महिन्यांनी बंद होणार हे त्याला पहिल्या भागापासून ठाऊक आहे.

संघातल्या आठ-नऊ जणांत आपण सर्वांत कमी कुशल आहोत, हेही तो जाणतो. संघातल्या फुजीसारखी अलौकिक प्रतिभा त्याच्याकडे नाही, इनुईसारखी वही नाही, र्‍योमासारखे बालपण नाही. त्याच्याकडे आहे ते मनगटातले बळ. फुदोमिने शाळेशी झालेल्या लढतीत तो फुजीबरोबर दुहेरी खेळतो तेव्हा समोरचा इशिदा ‘हादोक्यू’ नावाचा एक इतका जोरकस फटका मारतो की तो परतवणाऱ्याचा हात निकामी व्हावा. चेंडू फुजीच्या दिशेने येत असतो. कावामुरा पुढे होतो आणि दोन्ही हातांनी तो फटका स्वतः परतवतो. तो काहीच झाले नसल्यासारखे दाखवत राहतो, पण फुजीच्या नजरेला त्याचा हात पडतो, आणि सामना सोडून द्यायचा निर्णय फुजीच घेतो. दुहेरी खेळलेल्या कोणालाही या प्रसंगातले दोन्ही निर्णय ओळखीचे वाटतील.

त्याचा खरा सामना पुढे ह्योतेई शाळेशी होतो. कांतो विभागाच्या स्पर्धेची ती पहिलीच फेरी आहे. समोर काबाजी आहे, जो पाहिलेला कोणताही फटका जसाच्या तसा मारून दाखवतो. अशा खेळाडूविरुद्ध कौशल्य चालत नाही, कारण दाखवलेले प्रत्येक कौशल्य दुसऱ्या क्षणी त्याचे होते. कावामुरा तेव्हा हादोक्यू काढतो, आणि या वेळी तो एका हाताने मारतो. काबाजीही तोच फटका एका हाताने मारू लागतो. चेंडू जाळीवरून इकडून तिकडे जात राहतो आणि दोघांचेही हात रक्तबंबाळ होतात, ते इतके की दोघांनाही रॅकेट धरता येईनाशी होते आणि सामना निकालाविना थांबवावा लागतो.

प्रथम पाहिला तेव्हा हा सामना मला अनाठायी वाटला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने आपला हात असा मोडून घ्यावा हे मावशी म्हणून मला मुळीच पटत नाही, आणि मी भाच्याला ते त्याच वेळी स्पष्ट सांगितले. परंतु नंतर त्या लढतीचा हिशेब मांडला तेव्हा मी थांबले. दुहेरीचा एक सामना सेइगाकुने जिंकला होता आणि एक ह्योतेईने. फुजी त्याचा सामना सहज जिंकतो. तेझुका आणि ह्योतेईचा कर्णधार अतोबे यांचा सामना लांबत लांबत टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये, जातो, तेझुकाचा खांदा साथ सोडतो, तरी तो खेळत राहतो आणि 37-35 असा हरतो. म्हणजे 2-2. त्यामुळे राखीव खेळाडूंचा जादा सामना खेळवला जातो आणि र्‍योमा तो जिंकून देतो. सर्वांना आठवतो तो तेझुकाचा टायब्रेक आणि र्‍योमाचा विजय. पण कावामुरा काबाजीकडून हरला असता, तर लढत 3-2 अशी तेथेच संपली असती आणि र्‍योमाला कोर्टावर पाऊल ठेवण्याची संधीच मिळाली नसती. जिंकता येणे शक्य नसलेल्या सामन्यात त्याने हरण्यास नकार दिला, आणि त्या निकाल नसलेल्या सामन्यावर पुढचे सगळे उभे राहिले. मालिका ही बेरीज कोणाच्या तोंडी घालत नाही, ती प्रेक्षकाने स्वतः करायची आहे. माझ्या मते 178 भागांतली ही सर्वांत सुंदर रचना आहे.

हे मी भाच्याला कागदावर मांडून दाखवले, तेव्हा त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिले आणि विचारले, “मावशी, त्याच्या बाबांनी त्याला शेवटचं वर्ष पूर्ण खेळू दिलं ना?”

हा प्रश्न त्याने कोठून आणला ते मला कळले. नववीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच त्याचे दहावीचे क्लास सुरू होतील. मुंबईतल्या मराठी घरांत याविषयी चर्चा होत नाही, कारण चर्चा करण्यासारखे त्यात काही आहे असे कोणालाच वाटत नाही. दहावी आली की रॅकेट माळ्यावर जाते, गाण्याचा क्लास थांबतो, घरातला टीव्ही झाकून ठेवला जातो आणि मुलाला सांगितले जाते की एकदा हे वर्ष जाऊ दे, मग हवे तेवढे खेळ. माझीही रॅकेट अशीच माळ्यावर गेली होती. आई-बाबांनी मला कधीही खेळू नकोस असे म्हटले नाही. रॅकेट फक्त वर ठेवली गेली. दहावीनंतर अकरावीचे प्रवेश आले, मग बारावी आली, आणि ती परत खाली काढण्याचा दिवस आलाच नाही.

मला यात सर्वांत जास्त सलते ते खेळ थांबल्याचे नाही. बहुतेकांचा खेळ कधी ना कधी थांबतोच, आणि शाळेच्या संघातली सगळी मुले पुढे टेनिसपटू होणार नसतात. मला सलते ते हे की माझा शेवटचा सामना शेवटचा आहे, हे खेळताना मला माहीतच नव्हते. नववीत, मार्चच्या एका उन्हाच्या सकाळी, आम्ही दुहेरीचा एक साधा मैत्रीपूर्ण सामना खेळलो. कोण जिंकले ते मला आठवत नाही. चेंडू वेचून झाल्यावर जोडीदार म्हणाली, “चल, भेटू,” आणि मी बस पकडायला निघून गेले. तो शेवटचा आहे हे कोणी सांगितले असते तर मी निदान एक सेट आणखी मागितला असता. कावामुराला हे ठाऊक आहे. त्याच्या घराने त्याच्याकडून खेळ काढून घेण्याची तारीख आधी सांगितली आहे आणि त्या तारखेपर्यंतचा प्रत्येक दिवस संपूर्णपणे त्याचा ठेवला आहे. तो इतका जीव तोडून खेळतो, त्याचे कारण मला येथे सापडते.

ही तुलना थोडी जपून केली पाहिजे, हे मी मान्य करते. जपानी शाळांतही तिसऱ्या वर्षाची मुले उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धा संपल्या की क्लबमधून निवृत्त होतात आणि पुढच्या प्रवेश परीक्षांच्या अभ्यासाला लागतात. परीक्षा तेथेही आहेच. फरक इतकाच की तेथे आधी स्पर्धा पूर्ण होते आणि मग निवृत्ती येते, तर आपल्याकडे सुट्टीतले क्लास आधी येतात आणि स्पर्धा कधी निघून गेली ते कळत नाही. माझे म्हणणे एवढ्या चार-सहा महिन्यांपुरतेच आहे.

मालिकेत पुढे पुढे जे घडते ते मला तितकेसे आवडत नाही, हेही लिहिले पाहिजे. सुरुवातीच्या भागांतले टेनिस बरेचसे खरे आहे; टप्पा पडल्यावर उसळून चेहऱ्याकडे येणारी ट्विस्ट सर्व्हिस कोणीही मेहनतीने शिकू शकतो. नंतर मात्र तेझुका एका जागी उभा राहतो आणि चेंडूला दिलेल्या फिरकीमुळे प्रत्येक परतीचा फटका आपोआप त्याच्याकडेच येतो, खेळाडूंभोवती तेजोवलये दिसू लागतात, आणि मातीवर घसरणाऱ्या बुटांचा आवाज, दमलेले श्वास, चुकलेली पहिली सर्व्हिस या गोष्टी मागे पडतात. भाच्याला तेच भाग अधिक प्रिय आहेत. त्याच्या वयाला ते शोभतेही, म्हणून मी वाद घातला नाही.

मूळ मालिका कांतो विभागाच्या अंतिम सामन्यापलीकडे गेली तरी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचत नाही. ती स्पर्धा 2006 ते 2009 या काळात वेगळ्या भागांतून आली, आणि तेही आम्ही पाहिले. उपांत्य फेरीत कावामुरा पुन्हा एका अचाट ताकदीच्या खेळाडूसमोर उभा राहतो, फटक्यांच्या जोराने प्रेक्षकांच्या बाकांपर्यंत फेकला जातो, आणि तरीही तो सामना शेवटी त्याच्याच नावावर लागतो. रिक्काइ शाळेविरुद्धच्या अंतिम लढतीत तो खेळतच नाही. एकेरीत तेझुका, फुजी आणि र्‍योमा, दुहेरीत इनुई-काइदो आणि ओइशी-किकुमारू, अशी नावे जाहीर होतात. भाच्याला हे फार लागले. “त्याचं शेवटचं वर्ष आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी त्याला बाहेर बसवलं?” असे तो तीन-तीनदा म्हणत राहिला. मी त्याला म्हटले की त्याच्या वाट्याचा शेवटचा सामना उपांत्य फेरीत झाला आणि तो त्याने पूर्ण खेळला. हे उत्तर त्याला पुरेसे वाटले नाही. खरे तर मलाही ते पूर्ण पटलेले नाही.

दसऱ्यानंतर कोर्टे उघडली. भाच्याच्या रॅकेटचे गटिंग, म्हणजे तारांचे विणकाम, पावसाळ्यात सैल पडले होते, म्हणून एका शनिवारी आम्ही लोकलने चर्चगेटला उतरलो आणि चालत धोबी तलावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांकडे गेलो. आदल्या रात्री मी माळ्यावरून माझीही रॅकेट काढून पिशवीत घेतली होती. दुकानदाराने ती हातात धरून फिरवून पाहिली, ग्रिप बदलावी लागेल म्हणाला, आणि दोन्ही रॅकेटी एकदमच ठेवून घेतल्या. परतताना गाडीत भाच्याने ताईला फोन केला आणि शालेय स्पर्धा संपेपर्यंत क्लास थोडा उशिरा लावता येईल का, असे तिला सरळ विचारले. ताई म्हणाली की घरी ये, मग बोलू. त्या दोघांचे बोलणे अजून चालू आहे. या रविवारी सकाळी सातला कोर्ट मिळाले आहे, आणि मधल्या चेंडूला ओरडायचे कोणी, हे आम्ही आधीच ठरवून ठेवले आहे.